किल्लीला आधी हात लावू नका

एका तांब्याच्या वॉशरची मला पडलेली खरी किंमत अशी: एक नवी बॅटरी, सेल्फची दोनदा झालेली दुरुस्ती, चार हीटर प्लग, आमच्या मंडळींच्या कानातली फुलं, दोन महिन्यांची झोप आणि क्लासच्या सरांपुढं मान खाली घालून उभं राहण्याचे सात प्रसंग. वॉशर आठ आण्याच्या नाण्याएवढं. ज्यांनी शेवटी त्याचा निकाल लावला त्यांनी नवीन वॉशरसुद्धा घातलं नाही. जुनंच आमच्या चुलीत लाल करून पुन्हा बसवलं. त्यांनी घेतलं काय, तर दोन दिवसांचं जेवण आणि लातूरला परत जायचं एसटीचं तिकीट. तिकीटही मी बळजबरीनं हातात कोंबलं म्हणून घेतलं.

ते गृहस्थ म्हणजे श्री. नागनाथ पांचाळ. लातुरात त्यांना नागनाथ मिस्त्री म्हणतात. आम्ही जवळचे लोक अण्णा म्हणतो. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादक सुनंदाताई यांनी मला फोन केला आणि सांगितलं, "काका, चार पानं लिहा. आणि वेळेवर द्या. या वयात आम्हाला पुन्हा धक्का मारायला लावू नका." ताईंना असं बोलायचा अधिकार का आहे, ते पुढं येईलच.

मी लिहिणारा माणूस नव्हे. ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो, ड्रायव्हर होऊन उतरलो आणि आज क्लासच्या मुलांची ने-आण करणाऱ्या नऊ बस माझ्या नावावर आहेत. सुरुवातीचं भांडवल म्हणाल तर दोन कान. गाडी वळणावर असतानाच तिचं कोणतं बेअरिंग बोलतंय ते मला कळतं. गिऱ्हाईक फोनवर 'बघू' म्हणालं तर ते कोणत्या जातीचं 'बघू' आहे, हेही ऐकू येतं. अण्णांविषयी मी जे लिहितोय ते बरंचसं असं कानांनी जमवलेलं आहे. एकच गोष्ट कानांनी कळली नाही, आणि नेमकी तीच महाग पडली.

अण्णांची आणि माझी पहिली भेट झाली ती भूकंपानंतरच्या हिवाळ्यात. मी तेव्हा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होतो. पडलेल्या गावांतल्या लोकांना माळावर पत्र्याचे शेड बांधून दिले होते. दिवस उजाडायच्या आत तिथं पाणी आणून द्यायचं काम आमच्याकडं होतं. टँकर शेडच्या कडेलाच मुक्कामाला असत. पहाटे माळावर असं गार वारं सुटायचं की सहातले चार टँकर जागचे हलायचे नाहीत. मग आम्ही ड्रायव्हर लोक तेव्हा सगळीकडे जे करत असू तेच करायचो: काठीला चिंध्यांचा बोळा बांधायचा, डिझेलात भिजवायचा, पेटवायचा आणि इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाशी धरायचा.

एका पहाटे मी असाच बोळा पेटवला. मागून एक हात आला, त्यानं काठी हिसकावून घेतली आणि बोळा मातीत दाबला.

"काय करूलालास?"

"गाडी चालू करूलालो. तुमी कोन?"

"बाजूला कडब्याची गंज हाय, पत्र्यात लेकरं निजल्यात. जमीन हालली ती बस झाली नव्हं? आता जाळ लावतोस?"

मी वळून पाहिलं. खाकी शर्ट, पायजमा, कानांवरून घट्ट मफलर, हातात पान्यांची कापडी पिशवी. लातुरात या माणसाचं स्वतःचं गॅरेज होतं. ते दुपारपर्यंत बंद ठेवून, दूध न्यायला येणाऱ्या टेम्पोत बसून, ते रोज पहाटे माळावर येऊ लागले होते. कोणी पाठवलं नव्हतं. कोणत्या कमिटीत नाव नव्हतं, छातीवर बिल्ला नव्हता. टँकर पहाटे अडतात एवढं गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं आणि आले.

बोळ्याऐवजी त्यांना गरम पाणी हवं होतं. पोतं गरम पाण्यात बुडवून डिझेलच्या पंपाभोवती गुंडाळायचं, की जाळ न करता काम होतं. समोरच्या शेडपुढं तीन दगडांच्या चुलीवर एका म्हातारीनं हंडा ठेवला होता. गोदाआजी तिचं नाव. अण्णा तिच्यापाशी गेले.

"आजी, तांब्याभर गरम पानी मिळंल का?"

"तांब्याभर कशाला, हंडा न्ये की बाबा. सवयीनं पाच जनाचं तापीवते मी. न्हानारी एकटीच हाय आता."

आम्ही सहा ड्रायव्हर तिथं उभे होतो. अण्णांनी मफलर सोडला, त्यानं हंडा दोन्ही बाजूंनी धरून उचलला आणि म्हणाले, "उद्या बी लागंल, आजी."

पुढच्या पंधरा दिवसांत अण्णांनी एकेक टँकर उघडून सगळे नीट केले. कुणाचा सेल्फ घासलेला होता, कुणाच्या बॅटरीच्या वायरीला बुरशी चढलेली. संक्रांतीच्या सुमाराला सहाच्या सहा टँकर पहिल्या सेल्फला चालू व्हायला लागले. गरम पाण्याचं काम संपलं.

पण एका पहाटे मी टँकर चालू करून उभा असताना शेडच्या पलीकडून अण्णांचा आवाज कानावर आला. "आजी, आज बी अडलंय बगा. तुमचं पानी नसतं तर काय खरं नव्हतं."

माझा टँकर दहा पावलांवर धडधडत होता. आजी बहिरी नव्हती. ती म्हणाली, "हाव, हाव. न्ये बाबा. गारठा लई हाय."

हिवाळा सरेपर्यंत हे रोज चाललं. त्या हंड्यातल्या पाण्यानं आम्ही सगळे ड्रायव्हर हात-तोंड धुवायचो आणि आजी दाराशी उभी राहून बघायची. पुढं मी एकदा अण्णांना त्यावर छेडलं, तर म्हणाले, "गारठ्यात गरम पान्यानं तोंड धुवायला मिळालं की तुला. तक्रार काय हाय?"

अण्णा मूळचे कंधारचे. वडिलांचा भाता होता; विळे, खुरपी, बैलगाडीच्या चाकांच्या धावा अशी कामं. लोखंड लाल झालं की कोणत्या लालीला बाहेर काढायचं, हे ते अक्षरं शिकायच्या आधी शिकले. पुढं नांदेडला एका ट्रकच्या गॅरेजात बारा वर्षं काढली आणि मग लातुरात स्वतःचं छप्पर टाकलं. त्यांच्या गॅरेजवर पाटी नव्हती, आजही नाही. दारावर खडूनं एक ओळ मात्र लिहिलेली असते आणि पुसली गेली की ते पुन्हा लिहितात: 'पहाटे चालू होत नसेल तर चालू करून आणू नये.' नवं गिऱ्हाईक ती वाचून हसतं. मीही हसलो होतो.

त्यानंतरच्या काही वर्षांत लातूर ओळखू येईना झालं. गल्लोगल्ली क्लास निघाले. धर्माबादपासून, कुठून कुठून मुलं यायला लागली. ज्यांच्याकडं दोन खोल्या त्यांनी एक भाड्यानं दिली, ज्यांच्याकडं एकच होती त्यांनी मेस काढली. मी मदतीच्या कामातून मोकळी झालेली एक जुनी डिझेल जीप विकत घेतली आणि शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावाहून लातूरला सकाळच्या बॅचची मुलं न्यायला लागलो. बारा मुलं, त्यातल्या नऊ मुली. मुलांना लोक बिनघोर खोली करून देत. मुलीला शहरात एकटं ठेवायला आमच्याकडं कोणी धजत नव्हतं. त्या नऊ जणींचं बारावीचं वर्ष माझ्या जीपवर उभं होतं. सुनंदाच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं, "माधवराव, गाडी हाय तंवर क्लास हाय. गाडी बंद, क्लास बंद. घरी कामाला तोटा न्हाई."

गावात मी जीप पाण्याच्या टाकीच्या उतारावर लावायचो, तोंड खाली करून. पहाटे ब्रेक सोडला की ती आपली घरंगळायची, गिअर टाकला की चालू. एक दिवस तक्रार नाही. दिवाळीनंतर पंचायतीनं नेमकं त्याच उतारावर सभागृहाचं काम काढलं, खडी-वाळू येऊन पडली आणि मला जीप शाळेपुढच्या सपाट पटांगणात हलवावी लागली. त्याच आठवड्यापासून ती पहाटे चालू होईना. थंडीही त्याच आठवड्यात पडली. त्यामुळं मी, माझा भाऊ, पटांगणात जमणारे सगळे, आमचं एकमत झालं: थंडीनं धरलंय.

मग रोजचं एकच. मी जीपमध्ये, मुलं मागून धक्क्याला. एकदा सुनंदा हात झटकत पुढं आली. "काका, आमच्या बाबांनी फीस भरली ती फिजिक्सची का धक्क्याची?"

"दोन्ही एकच हाय गं. बल गुणिले अंतर."

"मग परीक्षेत जीप आणून ठेवा. आमी सगळे पास."

हसण्यावारी जायचं, पण जीप चालू होईपर्यंत अर्धा तास गेलेला असायचा आणि तो दरवेळी रस्त्यात भरून निघायचा नाही. सातव्यांदा उशीर झाला तेव्हा क्लासच्या सरांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. साठ मुलांचा वर्ग सांभाळायचा होता त्याला. म्हणाले, "तुमची मुलं आली की मला मागचं सगळं पुन्हा सांगावं लागतं. आता एकदा जरी उशीर झाला, तरी मी त्यांना दुपारच्या बॅचला टाकणार."

दुपारची बॅच सुटायची अंधार पडल्यावर. ती बॅच म्हणजे नऊ मुलींचा क्लास बंद, हे सरांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

तोवर मी लातुरातली तीन गॅरेजं पालथी घातली होती. पन्नास किलोमीटर पळून आलेली जीप तिथं अर्ध्या वळशात चालू व्हायची. कोणी बॅटरी बदलली, कोणी सेल्फ खोलला. हीटर प्लग मी स्वतःच्या अकलेनं बदलायला लावले, कारण मला 'आवाज कळतो'. इंजिनाच्या पोटात हवा तापवणाऱ्या त्या चार कांड्या गेल्या असणार, हे मी छातीठोक सांगितलं होतं. शेवटच्या मिस्त्रीनं तर हात पुसत निदान केलं, "गाडीला काही झालं नाही. थंडी तुम्हालाच वाजते."

अण्णांकडं मी गेलो नव्हतो, कारण गावभर सांगून बसलो होतो की अण्णांच्या हाताखाली मी सगळं शिकलोय. शेवटी गेलो.

त्यांनी बॉनेट उघडलं नाही. नुसता तळवा ठेवला.

"तापलेली हाय. दारावर काय लिवलंय?"

"अण्णा, चालू केल्याबिगर आणू कशी?"

"बरं. दुपारी क्लासपाशी उभी असते, तवा कशी चालू होती?"

"तेव्हाही चार-दोनदा सेल्फ मारावा लागतो."

"दुपारी कुटली थंडी?"

अण्णांनी तळवा पायजम्याला पुसला आणि म्हणाले, "मग तिला उगं कशाला बदनाम करूलालास? रात्री निजते कुटं ही?"

"गावाकडं. पटांगणात."

"मी येतो निजायला. पहाटं मी सांगितल्याबिगर किल्लीला कुनी हात लावायचा न्हाई. तू बी न्हाई."

गॅरेजात दोन ट्रक उघडून पडलेले असताना अण्णा संध्याकाळच्या एसटीनं आमच्या गावी आले. आईनं ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा केला. अण्णा ओसरीवर झोपले. आणि मी या हकिगतीतली माझी कामगिरी बजावली. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी आला, आणि त्याच्यापुढं माझी जीप खोकत, कण्हत उभी राहणार, हे काही मला सोसेना. पाहुणा यायच्या आधी आपण अंगण झाडतोच की. उजाडायच्या खूप आधी मी भावाला उठवलं, दोघांनी जीप ढकलत पटांगणाच्या पार टोकाला नेली, चालू केली, चांगली तापवली आणि गुपचूप जागेवर आणून बंद करून ठेवली.

पाचला अण्णा आले. बॉनेटवर तळवा ठेवला.

"रातभर उभी हाय ही?"

"हाव."

"मग हिला ताप आलाय, माधव."

मी खाली बघायला लागलो. भाऊ तर तिथून नाहीसाच झाला. अण्णा चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "पावना आला म्हनून आजाऱ्याला पावडर लावून बसवलंस. जा आता, लेकरं घेऊन जा. मी उद्या बगतो."

म्हणजे त्यांचा आणखी एक दिवस गेला. तो सगळा दिवस त्यांनी आमच्या गल्लीतल्या बायकांची विळे-खुरपी पाजून, धार लावून दिली. संध्याकाळी मी परतलो तेव्हा ओसरीवर रांग लागली होती आणि आई त्यांना 'नागनाथा' म्हणायला लागली होती.

दुसऱ्या दिवशीची पहाट. जीप सपाटीवर, रात्रभर खरोखर न हलवलेली. सुनंदा आणि आमच्या गावच्या तिघीजणी शाली गुंडाळून पटांगणात उभ्या. बाकीची मुलं पुढं रस्त्यावर आपापल्या फाट्याला उभी असणार. त्या दिवशी उशीर झाला की दुपारची बॅच, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी हसत नव्हतं.

मला वाटलं अण्णा बॉनेटपाशी उभे राहतील. ते गेले मागं. सायलेन्सरच्या नळीपाशी उकिडवे बसले, हातातल्या बॅटरीचा उजेड नळीच्या तोंडावर धरला आणि म्हणाले, "मार."

मी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही.

"काय ऐकू आलं?"

"सेल्फ जोरात फिरतोय. बॅटरीही ठणठणीत."

"मग त्या दोनीचं काम उगंच केलंस. आता उतर, मागं ये. किल्ली वहिनीला दे."

आमच्या मंडळी ड्रायव्हरच्या जागेवर जन्मात बसल्या नव्हत्या. चहाचं पातेलं आईकडं सोपवून आल्या, पदर खोचला, बसल्या. गिअर मोकळा आहे हे अण्णांनी स्वतः बघितलं. मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो. मंडळींनी किल्ली फिरवली.

"काय दिसतं?" अण्णांनी विचारलं.

"काहीच नाही."

"धूर?"

"नाही अण्णा. जरासुद्धा नाही."

"त्येच. डिझेल आत जाऊन पेटत नसतं, तर हितनं पांढरा धूर निघाला असता. तवा तुझ्या हीटर प्लगला दोष दिला असता मी. धूरच न्हाई म्हंजे डिझेल पोचंनाच. तुझे कान लई चांगले हायत, माधव. पन धूर ऐकू येत न्हाई."

मग ते पुढं आले. डिझेलच्या फिल्टरला पाइप जोडणारा एक बोल्ट असतो, त्याच्याखाली तांब्याचं वॉशर. सगळं इंजिन कोरडं आणि तेवढ्याच बोल्टाच्या कडेनं ओलसर धुळीचं बारीक कडं. अण्णांनी त्यावर बोट फिरवून मला दाखवलं.

"उभी ऱ्हायली की हितनं हवा आत जाती अन् डिझेल मागं टाकीत उतरतं. उतारावर तोंड खाली करून लावायचास तवा टाकी वर, इंजिन खाली. डिझेल जागेवर ऱ्हायचं. खोड जुनीच हाय. तुझा उतार तुला फसवत होता."

पिशवीत त्या मापाचं वॉशर नव्हतं. दुकान लातुरात, लातूर पन्नास किलोमीटर. सुनंदानं मनगटावरचं घड्याळ बघितलेलं मला दिसलं. अण्णांनी बोल्ट खोलला, वॉशर सांडशीत धरलं आणि तडक आमच्या चुलीपाशी गेले. आईनं चहाचं पातेलं उतरवलं.

"चुलीत काय भाजूलालास, नागनाथा?"

"तुमच्या लेकाची भाकर, अक्का. दोन मिंटं."

वापरून वापरून तांबं कडक होतं आणि मग फटीत नीट बसत नाही. लाल करून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ पडतं. हे त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचलं नव्हतं. कंधारच्या भात्यापाशी पाहिलं होतं. वॉशर लाल झालं, तांब्यातल्या पाण्यात 'चर्र' झालं. अण्णांनी ते पायजम्याला घासून चकचकीत केलं, बसवलं, बोल्ट आवळला आणि हातपंपानं डिझेल वर ओढून आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर काढली.

"मारा, वहिनी."

मंडळींनी डोळे मिटून किल्ली फिरवली. अर्धा वळसा. जीप चालू झाली आणि मंडळी जीपपेक्षा मोठ्यानं ओरडल्या. सुनंदानं टाळ्या पिटल्या. "काकी, उतरू नका! तुमीच चला घेऊन!"

आम्ही क्लासला पोचलो तेव्हा सर फळा पुसत होते. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खडू हातात घेतला. नऊच्या नऊ मुली परीक्षेपर्यंत सकाळच्याच बॅचला राहिल्या. त्यातली सुनंदा आज लातुरातच फिजिक्स शिकवते आणि माझ्यासारख्यांकडून वेळेवर लेख वसूल करते.

त्या दिवशी एसटीत बसताना अण्णांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ज्यांनी बॅटरी बदलली, सेल्फ खोलला त्यांना शिव्या देऊ नकोस. "तू त्यास्नी गरम गाडी दाखवलीस. त्यांचा काय गुन्हा?" दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवून स्वतःचं काम मोठं करायचं, हे मी अण्णांच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही. आणि दुसरी, "उतारावर गाडी लावायचं सोड. उतारावरची गाडी खरं बोलत न्हाई."

ही दुसरी गोष्ट मी गाठीला बांधली. माझ्या नऊ बसपैकी एकही उतारावर लावायची कोणा ड्रायव्हरची टाप नाही. नवा ड्रायव्हर आला की पहिल्या दिवशी त्याला वॉशरची गोष्ट ऐकावी लागते. आणि चारचौघांत मी छातीवर हात ठेवून सांगत आलोय की त्या पहाटेपासून आजपर्यंत माधवनं गाडी उतारावर लावलेली नाही.

अण्णा आता रोज गॅरेजात जातात ते दोन तासांसाठी. काम त्यांची लेक आणि जावई बघतात. लेकीनं गाडीला जोडून दोष वाचणारं यंत्र आणलं तेव्हा आम्हाला वाटलं, म्हातारा नाक मुरडणार. अण्णांनी चष्मा लावून त्याचा पडदा अर्धा तास बघितला आणि म्हणाले, "हुशार हाय हे. फकस्त गाडी रातभर उभी ऱ्हाऊ दे अन् मग लाव." त्यांची स्वतःची मोपेड मात्र पंधरा-वीस किका मारल्याशिवाय चालू होत नाही. विचारलं तर म्हणतात, "तिला काय झालंय ते मला म्हाईत हाय. तेवढाच व्यायाम."

गोदाआजी जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या गावाला नव्या जागी पक्की घरं झाली, तेव्हा तिच्या घरची पहिली चूल पेटवायला तिनं अण्णांना बोलावलं होतं. अण्णा मला घेऊन गेले. आजीनं चुलीवर छोटंसं भांडं ठेवलं होतं, एकटीपुरतं. अण्णांनी ते बघितलं आणि म्हणाले, "आजी, आमाला हात धुवायचेत की." आजी उठली आणि माळ्यावरचा हंडा काढला.

अण्णांचे गुडघे आता दुखतात, उकिडवं बसवत नाही, म्हणून गॅरेजात सायलेन्सरच्या उंचीचा एक पाट लेकीनं करून घेतला आहे. त्या पाटावर बसून त्यांनी अजून पुष्कळ पहाटा बघाव्यात. दृष्टी अशीच राहावी, पान पचावं, घरी काकूंशी रोजचं भांडण सुरू राहावं आणि शंभरी भरेल त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना आमच्या चुका नावानिशी सांगाव्यात. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ते आले होते, तेव्हा मुक्काम राहून गेला. तेव्हा फाटकापाशी उभे राहून त्यांनी जागेकडं एकदा नीट पाहिलं होतं आणि मफलर सारखा करत गालात हसले होते. तो मुक्काम आता करावा, एवढी माझी विनंती. पहाटे मी किल्लीला हात लावणार नाही.

माझ्या फाटकापासून रस्त्यापर्यंत सरळ उतार आहे, आणि माझी गाडी रोज त्याच उतारावर, तोंड रस्त्याकडं करून उभी असते.